चाकावरचा उजेड

डिसेंबरात जर्मनीतल्या हॅम्बुर्गला दुपारी चारच्या सुमारासच अंधारून येतं. तिथल्या ‘राउहेस हाउस’ या गरीब मुलांच्या आश्रमातली मुलं सारखी विचारायची म्हणे, नाताळ कधी? म्हणून १८३९ साली योहान विखर्न या धर्मशास्त्रज्ञांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान लाल पेटायची, रविवारी मोठी पांढरी. बाहेर दिवस आखडत होता, आत उजेड वाढत होता. ख्रिस्ती आशा मला इथे सर्वात खरी वाटते. ती अंधार मान्य करते आणि येशू येणार या भरवशावर आजची वात लावते. वसईच्या चर्चमध्येही नाताळाआधीच्या आगमनकाळात चार मेणबत्त्या रविवारागणिक एकेक करून पेटतात. तुमच्या ओळखीत कुणी खचलेलं, एकटं असेल, तर आज दिवेलागणीआधी त्याच्या घरी जाऊन या.