मुलांनीं काय वाचूं नये?

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती वाटतो. परंतु ज्या प्रश्नाची चिंता राजसत्तेलाही लागते, तो केवळ घरगुती कसा म्हणावा? बेव्हर्ली नायडू या लेखिकेची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

१९४३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्ग येथें एका गोऱ्या कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. नायडू हें नांव विवाहानें आलेलें. लहानपणीं त्यांना सांभाळणारी कृष्णवर्णीय बाई स्वतःच्या मुलींना दूर गांवीं ठेवून या घरीं राबत असे. एके दिवशीं तार आली: तिच्या दोन मुली घटसर्पानें दगावल्या होत्या. घरांतील गोऱ्या मुलीला त्या रोगाची लस टोंचलेली होती. या भेदाचा अर्थ तिला त्या वयांत उमगला नाहीं; तो कळला विद्यार्थिदशेंत. वर्णभेदाच्या राजवटीस विरोध केल्यामुळें १९६४ सालीं त्यांना खटल्यावांचून स्थानबद्ध करण्यांत आलें, आणि १९६५ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. तेथें लिहिलेलें ‘जर्नी टु जोबर्ग’ हें पुस्तक १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. तान्ही बहीण आजारी पडते, म्हणून दोन भावंडें शहरांत परक्यांच्या घरीं राबणाऱ्या आईला आणावयास निघतात, एवढेंच त्याचें कथानक. तरीही दक्षिण आफ्रिकेंत त्यावर १९९१ पर्यंत बंदी होती.

कोंवळ्या मनांवर दुःखाचें ओझें लादूं नये, हें मत आम्हांस सर्वस्वी अमान्य नाहीं. भीषण वर्णनांनीं मुलांस भेवडावणें हें वाईटच. परंतु निष्पापपणा जपावयाचा तो कोणाचा? घटसर्पानें गेलेल्या मुलींना दुःखापासून कोणीं जपलें? एका मुलाचें अज्ञान टिकावें म्हणून दुसऱ्याचें दुःख लपवावें लागत असेल, तर त्या अज्ञानास निष्पापपणा म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय. ‘ही आई आपल्या मुलांजवळ कां नाहीं?’ असा प्रश्न मुलास पडला, तर त्यांत त्याचें काय बिघडतें? बिघडतें तें वडील माणसांचें. कारण त्यांच्यापाशीं उत्तर नसतें.

आमच्या सुशिक्षित घरांतूनही मुलें सांभाळावयास बायका येतात. त्यांचीं स्वतःचीं मुलें त्या वेळीं कोठें असतात, असें आमच्या मुलांनीं विचारलें, तर आम्ही त्यांस गप्प बसवूं काय? बसवूं, तर पुस्तकावर बंदी घालणाऱ्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस उरत नाहीं.