पत्र आल्यानंतरचा अभ्यास

अमेरिकेत बारावीच्या मुलांना मार्चअखेरीपर्यंत बहुतेक विद्यापीठांची उत्तरे मिळतात. 1 मेपर्यंत आपली निवड कळवली, की मुलांच्या लेखी शाळा संपते. वर्ग जूनपर्यंत चालतात, लक्ष मात्र उडालेले असते.

विद्यापीठाच्या लेखी तो प्रवेश अजून तात्पुरताच असतो. शेवटच्या वर्षाचे गुणपत्रक त्याला अजून पाहायचे असते. कॅलिफोर्निया विद्यापीठ ते 1 जुलैपर्यंत मागते, आणि त्यात ‘डी’ किंवा ‘एफ’ श्रेणी दिसली तर प्रवेश धोक्यात येतो. एखाद्या विषयात ‘ए’चा ‘बी’ झाल्याने सहसा काही बिघडत नाही. पण सगळेच विषय गडगडले किंवा अर्जात दाखवलेला अवघड विषय न कळवता सोडून दिला, तर आधी खुलासा मागितला जातो. कधी शिष्यवृत्तीवर गदा येते, क्वचित प्रवेशच रद्द होतो. तोवर इतर ठिकाणच्या जागा हातच्या गेलेल्या असतात.

ही अट मला अन्यायाची वाटत नाही. अर्ज करताना शेवटच्या वर्षाचे विषय शिकून व्हायचेच असतात. ते पुरे होतील या भरवशावर जागा दिलेली असते. शिवाय वसंतात सोडून दिलेले कॅल्क्युलस सप्टेंबरात भौतिकशास्त्राच्या वर्गात पुन्हा आडवे येतेच.

मात्र अट विद्यार्थी आणि विद्यापीठ दोघांनाही बांधते. 2017 साली अर्व्हाइन इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अपेक्षेपेक्षा सुमारे 800 विद्यार्थी जास्त आले. त्या उन्हाळ्यात सुमारे 500 जणांचे प्रवेश रद्द झाले. काहींचे गुण घसरले होते. पण पुष्कळांची चूक एवढीच, की कागदपत्रे वेळेत किंवा नीट पोचली नव्हती. आरडाओरडा झाला, कुलपतींनी माफी मागितली आणि बहुतेकांना परत घेतले. नियम जुनाच होता. फक्त शिक्षणासाठी केलेली अट गर्दी कमी करायला वापरली, असे दिसले आणि तिच्यावरचा विश्वास उडाला.

आपल्याकडे नेमके उलटे. आयआयटीसाठी खुल्या गटाला बारावीत 75 टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये जागा हवी. बाकी सारे जेईईवर. म्हणून नाव कॉलेजात आणि मुलगा क्लासमध्ये, ही सोय लातूरपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. रेघ गटातल्या सर्वांना सारखी, त्यामुळे कुणाच्या मर्जीला वाव नाही. पण घरात आजारपण होते म्हणून 74 टक्क्यांवर अडकलेल्या, पर्सेंटाइलमध्येही न बसणाऱ्या मुलाचे ऐकून घ्यायलाही तिथे कोणी नाही.

अमेरिकी पद्धतीत ऐकणारा माणूस आहे, हे तिचे बळ आणि तोच तिचा धोका. म्हणून गुण घसरलेल्या मुलाने गुणपत्रक पोचण्याआधी स्वतःच कारण कळवावे. आणि विद्यापीठाने ते वाचताना वसतिगृहातल्या रिकाम्या खाटा मोजू नयेत.