तिथं कोण बघतंय?

वीस किलो वजन उतरलं आणि स्तन ओघळले. चिपळूणला घरून काम करते; मीटिंग संपली की मास्टोपेक्सीबद्दल, म्हणजे स्तन उचलून घेण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल वाचते. जादा त्वचा कापून स्तनाग्र वर घेतात. व्रण राहतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणं अवघड जाऊ शकतं. वयानं, गरोदरपणानं पुन्हा ओघळतात ते वेगळंच.

हे धोके समजतात. अडतं ते इच्छेपाशी. आई म्हणाली, "तिथं कोण बघतंय तुला?" राग आला, कारण मीही स्वतःला तेच विचारत होते: कुणीच बघणार नसेल, तरी करेन? पण माझ्या दातांना तारा बसवताना आईनं हा प्रश्न काढला नव्हता. उलट पैसे तिनंच भरले.

डॉक्टर म्हणाल्या, मुलाचा विचार असेल तर आधी ते ठरवा. हे आईला अजून सांगितलेलं नाही.