तपकिरी कव्हरचं पुस्तक

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, ख्रिस्ती वस्तीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाला शाळेच्या वहीसारखं तपकिरी कव्हर, वर ठळक अक्षरात नाव. त्यातली रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं त्यांना न बघता येतात, तरी पुस्तक उघडं लागतंच. रविवारी उपासना संपली की बाई सूचना फलकापाशी थांबतात, पर्समधून लाल पेन काढतात आणि ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करतात. ''देवाला चालेल, मला नाही,'' म्हणतात. पाळक बिचारे हसतात. तेही त्यांचेच विद्यार्थी.

या गावाला अशा बाईंची सवय जुनी आहे. मिशनरी सिंथिया फरार इथं मुलींना शिकवत होत्या, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच 1842 साली निघालं.

पण मला बाईंचा नोव्हेंबर आवडतो. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. चर्चच्या ओट्यावर टेबल मांडून त्या सगळ्यांचे फॉर्म भरतात. गल्लीतले चाचा येतात, वारीला जाणाऱ्या आजी येतात. आजींचा थरथरता अंगठा बाई स्वतःच्या हातात धरून शाईच्या पॅडवर टेकवतात, मग पदरानं पुसतात. पदराचा डाग निघत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

गेल्या वर्षी बँकेतून फोन आला: बाई, सगळ्यांचे दाखले पोचले, तुमचा राहिलाय.

तुमच्या शेजारी कुणी एकटे पेन्शनर असतील, तर आज एवढं विचाराच: दाखला दिलात का?