इंग्रजी बोलीतली फुलबाग

इंग्रजी भाषेत फुलांवरून आलेले वाक्प्रचार भरपूर आहेत, पण त्यांत फुलाच्या रूपाचे कौतुक त्या मानाने थोडे आढळते. फूल कधी उमलते, कुठे उगवते आणि त्याला कोणाचा हात लागतो, या तीन गोष्टींवर त्यांतले बहुतेक वाक्प्रचार उभे आहेत. इंग्लंडचे बेभरवशाचे हवामान, पडक्या भिंती, नाचाची दालने, दफनभूमी आणि लॅटिन शिकवणाऱ्या शाळा यांचा ठसा त्यांवर उमटला आहे.

फुलासाठी इंग्रजीत तीन शब्द रुळलेले आहेत. 'फ्लॉवर' हा 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आला, 'ब्लॉसम' जुन्या इंग्रजीतलाच आहे, तर 'ब्लूम' स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी आणला. 'फ्लॉवर'ला फुलाबरोबरच 'एखाद्या वस्तूचा सर्वांत उत्तम अंश' असाही अर्थ होता. गहू दळून, चाळून जो उत्तम भाग उरे, त्याला पिठाचा 'फ्लॉवर' म्हणत. आजचा पिठाचा 'फ्लोअर' हा मूळचा तोच शब्द. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या कोशातही दोन्हींचे स्पेलिंग वेगळे केलेले नाही. देशाच्या तरुण पिढीला त्या देशाचा 'फ्लॉवर' म्हणतात, त्यामागे हाच उत्तमांशाचा अर्थ आहे.

'ब्लॉसम' आणि 'ब्लूम' यांतला भेद वाक्प्रचारांत नेमका दिसतो. 'ब्लॉसम' प्रामुख्याने फळझाडांचा, आपल्याकडच्या मोहोरासारखा. त्याच्यापाठी फळाची अपेक्षा असते. म्हणून लाजरी मुलगी पुढे उत्तम गायिका झाली, तर ती 'ब्लॉसम' झाली असे म्हणतात. 'ब्लूम' ही फुललेपणाची अवस्था, आणि ती सरणारी. 'तारुण्याचा ब्लूम' असतो आणि 'गुलाबावरचा ब्लूम उतरला' म्हणजे नव्याची नवलाई संपली. ज्याची बुद्धी किंवा कर्तृत्व उशिरा दिसू लागते, तो 'लेट ब्लूमर'. बागकामात हे उशिरा फुलणाऱ्या झाडाचे साधे वर्णन होते, ते माणसांना लागू झाले.

उमलण्याच्या वेळेची ही काळजी हवामानातून आली आहे. महाराष्ट्रातला डाळिंबाचा बागायतदार पाण्याचा ताण देऊन मृग, हस्त किंवा आंबे बहर धरतो, म्हणजे वेळ बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. इंग्लंडातल्या सफरचंदाच्या बागेत ती हवेच्या हाती असते. झाडे एप्रिल-मे महिन्यांत फुलतात आणि मे उजाडला तरी एखाद्या रात्री दहिवर पडते. पारा शून्याखाली दोनेक अंश गेला की उमललेल्या फुलाचा गाभा मरतो. सकाळी पाकळ्या पांढऱ्याशुभ्रच दिसतात, पण फूल हातात घेऊन पाहिले तर मधला स्त्रीकेसर काळा पडलेला असतो. त्या फुलाला फळ धरत नाही. थंडीच्या अशा चाव्याला आणि बोटांच्या चिमट्याला इंग्रजीत एकच क्रियापद आहे : 'निप'. 'निप इन द बड' हा वाक्प्रचार सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभी लेखनात दिसू लागतो. कळी असतानाच मारणे, असा त्याचा अर्थ. आज बंड, अफवा किंवा वाईट सवय वेळीच मोडून काढण्यासाठी तो वापरतात. मूळच्या नुकसानीचे असे शहाणपणात रूपांतर झाले आहे.

मे महिन्यावरची एक म्हणही याच भीतीतून आलेली आहे. 'मे' सरेपर्यंत अंगावरचे एकही वस्त्र उतरवू नये, असा तिचा आशय. थॉमस फुलरच्या 1732 च्या म्हणींच्या संग्रहात ती आढळते. यातला 'मे' म्हणजे महिना, की त्याच नावाने ओळखले जाणारे हॉथॉर्नच्या कुंपणाचे पांढरे फूल, यावर वाद आहे. ब्रिटनने 1752 मध्ये पंचांग बदलताना 11 दिवस वगळले. त्यामुळे पूर्वी मे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या सणाला फुलणारे हे फूल नव्या तारखांनुसार महिन्याच्या मध्याकडे सरकले.

फुलाच्या जागेवरून आलेल्या शब्दांत 'वॉलफ्लॉवर' सर्वांत बोलका आहे. ही दक्षिण युरोपातून आलेली, पिवळ्या-नारिंगी सुवासिक फुलांची वनस्पती. किल्ल्यांच्या आणि जुन्या चर्चच्या भिंतींतला चुना झिजला की दगडांच्या फटींत ती मूळ धरते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावोगावच्या नाचाच्या दालनांत भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या असत. पुरुषाने येऊन विचारल्याशिवाय तरुणीला नाचता येत नसे. ज्यांना कोणी विचारले नाही, त्या भिंतीकडेला बसून राहत. 1820 च्या सुमारास अशा तरुणीला हे नाव मिळाले. त्यात उपहास होता, पण तो त्या मुलीच्या वाट्याला आला, नियम करणाऱ्यांच्या नाही. पुढे हा शब्द कोणत्याही बुजऱ्या माणसाला लागू झाला. स्टीफन चबॉस्की यांच्या 1999 च्या कादंबरीचा 'वॉलफ्लॉवर' हा मुलगा आहे, आणि बाजूला राहून सगळे पाहणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

बुजरेपणाचे दुसरे फूल म्हणजे व्हायोलेट. सुगंधी जांभळे व्हायोलेट कुंपणाच्या सावलीत, स्वतःच्या पानांखाली फुलते. डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. त्यावरून अंग चोरणाऱ्या माणसाला 'श्रिंकिंग व्हायोलेट' म्हणतात. गंमत अशी की हा प्रयोग बहुधा नकारार्थी येतो. अमुक बाई काही 'श्रिंकिंग व्हायोलेट' नव्हती, म्हणजे चांगली खमकी होती. काचगृहातल्या फुलाची तऱ्हा वेगळी. ब्रिटनमध्ये काचेवरचा अबकारी कर 1845 मध्ये रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गाच्या बागांतही काचगृहे उभी राहिली. वारा न लागता वाढलेल्या नाजूक माणसाला 'हॉटहाउस फ्लॉवर' म्हणतात.

'प्रिमरोझ' हे वसंताच्या सुरुवातीचे फिकट पिवळे फूल. त्याने सजलेली वाट म्हणजे सुखाची, पण नाशाकडे नेणारी वाट, ही कल्पना शेक्सपिअरने रूढ केली. 'हॅम्लेट'मध्ये ऑफिलिया आपल्या भावाला त्या वाटेवरून टोमणा मारते आणि 'मॅकबेथ'मधला द्वारपालही तिचा उल्लेख करतो. वाट सोपी आहे एवढ्यानेच ती संशयास्पद ठरते. या नीतीवर ख्रिस्ती प्रवचनांची छाया स्पष्ट आहे.

डेझीचे नाव जुन्या इंग्रजीतल्या 'दिवसाचा डोळा' या शब्दांवरून आले, कारण तिच्या पाकळ्या रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात. झोप पुरी झालेला, टवटवीत माणूस म्हणूनच 'डेझीसारखा ताजा'. हीच डेझी दफनभूमीच्या हिरवळीतही उगवते. माणूस मेला हे सांगायला तो खालून डेझी वर ढकलतो आहे, असे थट्टेने म्हणतात. याच धाटणीचे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून मिळतात, पण पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत तो सैनिकांच्या तोंडी बसला. मृत्यू रोजचा झाला की त्याचे नाव न घेता बोलण्याची सोय लागते.

माणसाचा हात फुलाला लागतो तेव्हा इंग्रजी वाक्प्रचार बहुधा इशारा देतात. 'गिल्ड द लिली', म्हणजे लिलीवर सोन्याचा मुलामा देणे, हा अनावश्यक सजावटीचा दाखला. त्याचा उगम शेक्सपिअरच्या 'किंग जॉन'मध्ये आहे. राजा दुसऱ्यांदा राज्याभिषेक करवून घेतो तेव्हा सॅलिस्बरी हा सरदार हा खटाटोप निरर्थक ठरवतो. नाटकात मुलामा सोन्याला आहे आणि लिलीला रंग. लोकांच्या तोंडी दोन्हींची सरमिसळ झाली आणि चुकलेलेच रूप टिकले.

उंच पॉपीची कथा रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितली आहे. मुलाने जिंकलेल्या गॅबी शहराचे काय करायचे, हे विचारायला दूत आला. राजा टार्क्विन काही न बोलता बागेत फिरत राहिला आणि काठीने सर्वांत उंच पॉपींची बोंडे उडवत गेला. मुलाने अर्थ ओळखला आणि शहरातल्या प्रमुखांचा काटा काढला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये यशस्वी माणसाला खाली खेचण्याच्या वृत्तीला 'टॉल पॉपी सिंड्रोम' म्हणतात. फरक एवढाच, की कथेत कापणारा राजा आहे आणि आज शेजारीपाजारी. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या रणभूमीवर फुललेली लाल पॉपी मात्र स्मरणाचे चिन्ह झाली. कॅनेडियन डॉक्टर जॉन मॅक्रे यांची या फुलांचा उल्लेख असलेली कविता 1915 ची, आणि ब्रिटनमध्ये कोटावर कागदी पॉपी लावण्याची प्रथा 1921 पासूनची.

गुलाब गुप्ततेचेही चिन्ह होता. 'गुलाबाखाली' सांगितलेले गुपित ठेवायचे, हा संकेत लॅटिनमधल्या 'सब रोझा' या रूपात आजही वकिलांच्या आणि मुत्सद्द्यांच्या भाषेत आहे. मेजवानीच्या दालनात छतावर गुलाब कोरण्याच्या प्रथेशी त्याचा संबंध सांगितला जातो. इंग्रजी घरांत छताच्या मध्यभागी असलेल्या गोल नक्षीला 'सीलिंग रोज' म्हणत. दिवा तिथूनच लोंबत असे. पुढे विजेच्या जोडणीच्या गोल डबीलाच ते नाव पडले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात 'सीलिंग रोज' आजही याच नावाने मागितला जातो.

विसाव्या शतकात या शब्दसंपत्तीला अमेरिकेची भर पडली. 'से इट विथ फ्लॉवर्स' हे तिथल्या फुलविक्रेत्यांच्या संघटनेचे 1917 चे घोषवाक्य. सगळे मनासारखे घडते आहे, या अर्थाचे 'एव्हरीथिंग इज कमिंग अप रोझेस' हे शब्द 1959 च्या 'जिप्सी' या संगीतिकेसाठी स्टीफन सोंडहाइम यांनी घडवले. 'फ्लॉवर पॉवर' ही कल्पना कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग यांनी 1965 मध्ये युद्धविरोधी निदर्शनांसाठी मांडली. 1967 मध्ये पेंटागॉनसमोर सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशन खोवणाऱ्या तरुणाचे छायाचित्र तिची ओळख ठरले.

मराठीत यांतले सगळे सारखे रुजले नाहीत. सगळे चांगलेच दाखवणारा 'गुलाबी चष्मा' सहज रुळला, कारण चष्मा आणि गुलाबी रंग दोन्ही ओळखीचे होते. 'वॉलफ्लॉवर' मात्र परकाच राहिला. ती भिंत आणि तो नाच इथे नव्हता. म्हणून भाषांतर करणाऱ्याने इंग्रजी वाक्प्रचारातल्या फुलाचे नाव बदलण्याआधी ते कुठे उगवते, हे पाहावे. ती जागा मराठीत नसेल, तर फूल सोडून द्यावे आणि अर्थ सांगावा.