वचन उंबरठ्यापर्यंतचं

रोहिणखेड बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, खानदेश नि वऱ्हाड जोडणाऱ्या जुन्या वाटेवर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथली लढाई जिंकून बुऱ्हाण निजामशहा अहमदनगरच्या गादीवर बसला. त्याआधी तो अकबराच्या आश्रयाला होता. गादी मिळताच अकबराचं वर्चस्व त्याने झुगारलं. १५९१मध्ये दूत म्हणून निघालेला कवी फैजीही त्याला वळवू शकला नाही. मग मोगल चालून आले आणि १५९६मध्ये वऱ्हाड त्यांच्याकडे गेलं.

काही हवं असतं तोवरच माणूस अटी ऐकतो. युरोपीय संघाचं नवे सदस्य घेण्याचं धोरण याच जाणिवेवर उभं आहे. १९९३मध्ये कोपनहेगनला त्याने प्रवेशाच्या अटी ठरवल्या: लोकशाही, कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचं संरक्षण, स्पर्धेत टिकणारी बाजारव्यवस्था. प्रवेशाच्या आशेवर तुर्कस्तानने फाशीची शिक्षा रद्द केली. पुढे ती आशा मावळली, तशा सुधारणाही थांबल्या. हंगेरी २००४मध्ये आत आला, आणि काही वर्षांतच तिथलं सरकार न्यायालयं नि माध्यमं आवळू लागलं. अखेर संघाला २०२२मध्ये हंगेरीचे अब्जावधी युरो अडवावे लागले.

आपल्याकडे अटी घालणारा होता येणारा. १९५३च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी नि नोकऱ्या, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासनं मिळाली. राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने १९५५मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, म्हणजे घासाघीस करण्याची ताकद विदर्भाकडे तेव्हा खरोखर होती. १९५६मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात, आणि ती ताकद संपली. संविधानाच्या ३७१(२) कलमाने विकास मंडळांची वाट १९५६लाच मोकळी केली होती, पण मंडळं आली १९९४मध्ये. मधल्या काळात दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजून दाखवला. सिंचनाचा अनुशेष सगळ्यांत चिवट ठरला तो अमरावती विभागात, ज्यात बुलढाणाही येतो.

हा केवळ कुणाच्या हेतूचा दोष मी मानत नाही. करारात पाळण्याची सक्ती कुठेच नव्हती. युरोपकडे निदान निधी अडवण्याची कळ आहे. विदर्भाच्या हाती तसं काहीच नव्हतं. जी मंडळं आली, त्यांचीही मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा नेमली जावीत, आणि या वेळी वाटप चुकलं तर ते रोखण्याच्या अधिकारासह. मोताळ्याच्या मतदारांनी हे आपल्या आमदाराला मत देण्याआधी विचारावं.