उसने सूर

दुसऱ्याचे गाणे आपल्या ओठी बसले, म्हणून ते आपले होते काय? 2021 च्या मे महिन्यात ‘द ब्लॅक कीज’ या अमेरिकन जोडीचा ‘डेल्टा क्रीम’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. तो ऐकल्यापासून हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

डॅन ऑरबाख आणि पॅट्रिक कार्नी हे दोघे ओहायोतील ॲक्रनचे, गौरवर्णीय; गाणी मात्र मिसिसिपीच्या कृष्णवर्णीयांची. नावात डेल्टा आहे खरा, पण यांतील बहुतेक गाणी त्या सपाट कापूसमुलखातली नव्हेत. ती उत्तरेकडील टेकड्यांत राहिलेल्या आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किम्ब्रो यांच्या परंपरेतली आहेत. एकाच सुराभोवती, एकाच ठेक्यावर गाणे घुटमळत राहते आणि त्या घुटमळण्यातच त्याची धुंदी असते. किम्ब्रोचा पहिला अल्बम निघाला 1992 मध्ये, त्याची साठी उलटल्यावर. 1998 मध्ये तो गेलाही.

मूळ रचनाकाराचे नाव छापणे, त्याचा पैसा देणे, हा झाला कायद्याचा भाग. तोही सुखासुखी पाळला जात नसे. विली डिक्सनला 1985 मध्ये ‘लेड झेपेलिन’विरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे तडजोड झाली. ‘ब्लॅक कीज’नी नावे तर दिलीच, शिवाय बर्नसाइडचा जुना साथीदार केनी ब्राउन आणि किम्ब्रोबरोबर वाजवलेला एरिक डीटन यांना सोबत घेतले. हे आम्हांला मोलाचे वाटते. उसने घेणाऱ्याने त्या घराच्या माणसांना आपल्या पंगतीला बसवले.

तरीही मन पुरते निवत नाही. ‘यांनी गायले नसते तर किम्ब्रोला कोण ओळखते?’ असे म्हटले जाते. युक्तिवाद खोटा नाही. पण तो नेहमी घेणाऱ्याच्याच सोयीचा असतो, हे विसरू नये. आम्हांला एकच कसोटी सुचते: नवे गाणे ऐकणाऱ्याला मुळाकडे धाडते, की तिथेच थांबवून ठेवते? आम्ही स्वतः किम्ब्रोपर्यंत पोचलो ते या अल्बममुळेच. त्याचा आवाज ऐकल्यावर मात्र पुन्हा अल्बमकडे वळायला आठवडा लागला.

दुसऱ्यांचा न्याय करताना आमच्या घरातली एक वही आठवते. जात्यावरच्या ओव्या तीत आजीने हौसेने उतरवून घेतल्या होत्या, दळायला येणाऱ्या बायकांकडून. पहिल्या पानावर आजीचे नाव आहे, गावाचे आहे, सालही आहे. त्या बायकांपैकी एकीचेही नाव नाही.